अ. पा. क. आई

जुन्नर तालुक्यातल्या आमच्या वडिलोपार्जित जमिनीचा एक जुना फेरफार दोन वर्षांपूर्वी माझ्या हाती आला. साल 1919. मजकूर चार ओळींचा. पणजोबा मयत, वारस मुलगा, वय वर्षे 9, अज्ञान. आणि त्यापुढे ‘अ. पा. क. आई’. अ.पा.क. म्हणजे अज्ञान पालन कर्ता. ज्यांचा महसुली कागदांशी संबंध येतो त्यांना हे अक्षरांचं त्रिकूट ओळखीचं असतं. वारस लहान असला की त्याच्या वतीनं जमीन सांभाळणाऱ्याचं नाव तिथे येतं. आमच्या कागदावर नाव नव्हतं. ‘आई’ एवढंच होतं, आणि पुढे रेघ.

पणजोबा 1918च्या मानमोडीच्या साथीत गेले, हे घरात सगळ्यांना माहीत आहे. जगभर पसरलेल्या त्या इन्फ्लुएंझानं ऑक्टोबर 1918मध्ये मुंबई इलाखा झोडपून काढला. त्याच वर्षी पाऊसही दगा देऊन गेला होता. अशा वर्षात एका विधवा बाईनं नऊ वर्षांचं पोर आणि सहा एकर कोरडवाहू जमीन सांभाळली. दिरांनी, भावबंदांनी काय काय केलं असेल याची कल्पना करता येते. तरी जमीन राहिली, आणि त्या पोराचा वंशही राहिला. मात्र त्या बाईचं नाव कुणालाच सांगता येईना. माझे वडील तिला ‘थोरली आई’ म्हणत. ती त्यांच्या जन्माआधीच गेली होती, त्यामुळे त्यांनाही ते नाव ऐकूनच ठाऊक. वडील गेले तेव्हा ते नाव सांगू शकेल असं घरात कुणीच उरलं नाही.

वडिलांची धाकटी बहीण, माझी आत्या, अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे. तिला हा कागद वाचून दाखवला. ती बराच वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, “नाशकाला वही असंल की. आपले उपाध्ये नाशकाचे. दादा अस्थी घेऊन गेले व्हते तवा त्यांनी सात पिढ्या वाचून दाखवल्या व्हत्या.” दादा म्हणजे माझे आजोबा, कागदावरचं तेच नऊ वर्षांचं पोर.

दिवाळीनंतरच्या आठवड्यात मी गाडी काढली. आत्या पुढच्या सीटवर, मागे तिची पिशवी, पाण्याचा कॅन आणि फेरफाराच्या झेरॉक्सची फाइल. पुणे–नाशिक अंतर दोनशे दहा किलोमीटरच्या आसपास. सरळ गेलं तर पाच तासांत पोचता येतं. आम्ही तीन दिवस लावले, कारण आत्याला वाटेतलं गाव पाहायचं होतं आणि मला नाणेघाट.

चाकण, राजगुरुनगर, मंचर पटापट मागे पडलं. चाकणचा संग्रामदुर्ग 1660मध्ये फिरंगोजी नरसाळा यांनी शाइस्ताखानाविरुद्ध जवळपास दोन महिने लढवला. आज त्याच्या कडेनं ट्रकांची रांग असते आणि थांबायला जागा मिळत नाही. नारायणगावला डावीकडे वळलं की पंधरा किलोमीटरवर जुन्नर. शिवनेरीबद्दल मराठी वाचकाला मी नव्यानं काय सांगणार? आत्यानं खालूनच हात जोडले. जुन्नरच्या भोवतीच्या डोंगरांत मात्र दोनशेच्या वर लेणी आहेत, आणि लेण्याद्रीचा गिरिजात्मज सोडला तर पाहायला फारसं कुणी फिरकत नाही. महाराष्ट्रात एवढी लेणी एका गावाभोवती दुसरीकडे नाहीत. त्याचं कारण नाणेघाटात कळतं.

जुन्नरहून आपटाळे, पुढे घाटघर असा तीसेक किलोमीटरचा रस्ता थेट घाटमाथ्यापर्यंत जातो. डाव्या हाताला जीवधन किल्ला. भात कापून झालेला होता, खाचरांत पेंढ्या उभ्या होत्या, आणि वाऱ्यानं पिवळं गवत एकाच दिशेला झोपलेलं. रस्ता संपतो तिथे एक दगडी रांजण आहे. जकातीची नाणी यात टाकत, असं पिढ्यान् पिढ्या सांगत आलेत. रांजणापुढे डोंगर चिरल्यासारखी एक अरुंद नळी, आणि त्या नळीतून खाली कोकणात उतरणारी फरसबंदी वाट. कल्याण आणि सोपारा बंदरांत उतरलेला माल दोन हजार वर्षांपूर्वी याच वाटेनं जुन्नरला आणि पुढे पैठणला चढायचा. व्यापाऱ्यांच्या तांड्यांमागून भिक्षू आले, त्यांच्या दानातून लेणी झाली.

नळीतून थोडं खाली उतरलं की उजव्या अंगाला एक गुहा लागते. बाहेरून पाहिलं तर मुक्कामाच्या खोलीसारखी, चौकोनी, तीन बाजूंनी दगडी बाक. आत्या माझा खांदा धरून एकेक पायरी उतरली आणि बाकावर टेकली. डोळे अंधाराला सरावले तशी दोन्ही बाजूंच्या भिंतींवरची अक्षरं दिसायला लागली. ब्राह्मी लिपी, प्राकृत भाषा, इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकातला लेख. तो सातवाहनांच्या राणीचा, नागनिकेचा. तिच्या घराण्यानं केलेल्या यज्ञांची ही यादी आहे. त्यात दोन अश्वमेध आहेत, राजसूय आहे, आणि प्रत्येक यज्ञापुढे दक्षिणा किती दिली त्याचे आकडे: गाई, घोडे, हत्ती, गावं, कार्षापण. भारतात अंक कसे लिहिले जात होते याचा अगदी जुना पुरावा म्हणून गणिताच्या इतिहासातही या भिंतीचं नाव घेतात. नवऱ्यामागे व्रतस्थ राहिलेली, मुलांची आई असलेली ही बाई, अभ्यासकांच्या मते, वारस लहान असताना राज्य सांभाळत होती.

मी हे आत्याला सांगत होते. ती मधेच म्हणाली, “म्हंजे ही बी अ.पा.क.च की.”

एवढी वर्षं मी नागनिकेबद्दल वाचत आले आहे, पण असं थेट कुणी सांगितलं नव्हतं.

या गुहेतली माझी सगळ्यांत आवडती जागा मागची भिंत. तिथे एकेकाळी सातवाहन घराण्याच्या माणसांच्या प्रतिमा कोरलेल्या होत्या, ओळीनं उभ्या. आज त्यांची फक्त पावलं उरली आहेत, तीही चाचपून पाहिली तर कळतात. डोक्यांच्या वर मात्र नावं शिल्लक आहेत. पंडित भगवानलाल इंद्रजींनी ती नावं वाचली आणि सातवाहनांच्या इतिहासाला पाया मिळाला. पहिलं नाव राया सिमुक सातवाहन, घराण्याचा मूळपुरुष. दुसरं जोडीचं: देवी नायनिका, म्हणजे आपली नागनिकाच, आणि राजा श्री सातकर्णी. राणीचं नाव आधी, राजाचं मागून. मग राजपुत्र, आणि त्या राजपुत्रांच्या ओळीतच महारठी त्रणकयिर. हा नागनिकेचा बाप असावा असं बहुतेक अभ्यासक मानतात. राजघराण्याच्या चित्रात सून आपल्या माहेरच्या माणसाला उभं करते, ही साधी गोष्ट नाही.

तिथे जाणाऱ्यांसाठी एवढं सांगते: टॉर्च न्या, आणि सकाळी लवकर जा. उन्हं तिरपी असताना अक्षरं उठून दिसतात. पावसाळ्यात गर्दी इतकी असते की भिंतीजवळ उभंही राहता येत नाही. आणि अक्षरांना हात लावू नका. पर्यटकांनी आपली नावं कोरून जे करायचं ते करून ठेवलंच आहे. आपलं नाव दगडावर राहावं ही इच्छा मला समजते, पण दुसऱ्याच्या नावावर ते कोरणं मला सहन होत नाही.

वर आल्यावर आत्या कठड्याजवळ उभी राहून खाली पाहत राहिली. खाली मुरबाडकडची गावं, वैशाखऱ्याची कौलं, धुरकट हिरवं कोकण. “या वाटंनं बाया चढून यायच्या,” ती म्हणाली. “लगीन करून आलेल्या. खालच्या गावांच्या सोयरिकी व्हायच्या आपल्याकडं.” तेव्हा मी ते ऐकून सोडून दिलं.

रात्री गावात राहिलो. चुलतभावानं सातबारा काढून ठेवला होता. जमीन आता माझ्या चुलत्यांच्या मुलांच्या नावावर आहे. ‘इतर हक्क’ या रकान्यात एकेकाळी आत्याचं नाव होतं. नंतरच्या एका फेरफारानं ते कमी झालं, त्यापुढे ‘ह.सो.प.’ म्हणजे हक्कसोडपत्र. “भावाला काय नको म्हणायचं?” एवढंच ती बोलली आणि कागद घडी करून माझ्याकडे दिला. घराण्याचा इतिहास शोधणाऱ्यानं ‘अ.पा.क.’ आणि ‘इतर हक्क’ या दोन नोंदींकडे नक्की पाहावं. जुन्या कागदांत बाई भेटते ती बहुधा दोनदाच: कुणाचं तरी मूल सांभाळताना, नाहीतर हक्क सोडताना.

कागद शोधण्याची रीत आता पूर्वीइतकी अवघड राहिलेली नाही. बऱ्याच जिल्ह्यांत जुने फेरफार आणि सातबारे स्कॅन झाले आहेत. तहसिलीच्या अभिलेख कक्षात अर्ज केला की नकला मिळतात. गाव नमुना 14, ज्याला जुनी माणसं कोतवाल बुक म्हणतात, त्यात जन्म-मृत्यूच्या नोंदी असतात. गावच्या शाळेचं जनरल रजिस्टर हेही मोठं साधन. 2023नंतर कुणबी नोंदींच्या शोधासाठी हे सगळे दप्तर उघडले गेले आणि मोडी वाचणाऱ्यांना कधी नव्हे ती मागणी आली. आमचा 1919चा फेरफार मोडीतलाच. तो मला एका निवृत्त शिक्षकांनी लावून दिला. मोडीत ऱ्हस्व-दीर्घ नसतं, शब्दांमध्ये जागा सोडलेली नसते, आधी आडवी रेघ ओढून तिच्याखाली हात न उचलता लिहीत गेलेलं असतं. संदर्भ माहीत असेल तरच ओळ सुटते.

दुसऱ्या दिवशी आळेफाटा, संगमनेर करत सिन्नर. गोंदेश्वराच्या देवळाशी अर्धा तास थांबलो. मधलं मोठं मंदिर आणि चार कोपऱ्यांना चार लहान, असं हे पंचायतन. सिन्नर ही देवगिरीच्या आधीची यादवांची राजधानी, आणि मोडीचं श्रेय परंपरा यादवांच्याच हेमाडपंताला देते, एवढं म्हणून पुढे निघालो. ऊन चढत होतं आणि मला पांडवलेणी गाठायची होती.

पांडवांचा या लेण्यांशी काही संबंध नाही. लेखांत या डोंगराचं नाव त्रिरश्मी आहे. मुंबई–आग्रा महामार्गाला लागून, पायथ्याला दादासाहेब फाळके स्मारक आणि बुद्धविहार. वर चढायला दोनशेच्या आसपास पायऱ्या. आत्या अर्ध्या वाटेवरच्या झाडाखाली बसली. “तू ये बघून, मंग मला सांग.”

तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्याची ओटी दगडी गणांनी खांद्यावर उचलून धरली आहे. ओसरीच्या भिंतीवर, दारावरच्या बाजूला, लांबच लांब लेख आहे. तो गौतमी बलश्रीचा. वासिष्ठीपुत्र पुळुमावीच्या 19व्या राज्यवर्षात तिनं हे लेणं भिक्षुसंघाला दिलं आणि त्या निमित्तानं आपल्या गेलेल्या मुलाचं, गौतमीपुत्र सातकर्णीचं, गुणगान कोरून ठेवलं. त्याच्या घोड्यांनी तीन समुद्रांचं पाणी प्यायलं, त्यानं क्षहरातांचा वंश निपटून काढला. इतिहासाच्या पुस्तकांत ही वाक्यं येतात. त्यातच तिनं लिहिलंय की तो आईची सेवा मन लावून करायचा. आणि स्वतःबद्दल सांगते, मी महाराजाची माता आणि महाराजाची आजी. सातवाहनांचा जो पराक्रम आपण अभिमानानं सांगतो तो आपल्यापर्यंत पोचला तो मुलामागे राहिलेल्या एका म्हाताऱ्या आईच्या तोंडून.

याच ओसरीत एक छोटा लेख आहे, सहसा लक्ष जात नाही असा. तो सरळ सरळ महसुली कागद आहे. गौतमीपुत्र सातकर्णीचं राज्यवर्ष 24. गोवर्धनच्या श्यामक नावाच्या अमात्याला हुकूम: काखडी गावातलं शेत आम्ही भिक्षूंना दिलं होतं, पण ते कसलं जात नाही, गावही वसत नाही, तेव्हा त्याऐवजी नगराच्या शिवेवरच्या आमच्या राजकीय जमिनीतली शंभर निवर्तनं त्यांना द्यावीत. त्या शेतात सैनिकांनी शिरू नये, मिठासाठी खणू नये. हा हुकूम दोघांच्या नावानं निघाला आहे. एक राजा, आणि दुसरी जिचा पुत्र हयात आहे अशी राजमाता. फेरफारच की हा. फक्त आईच्या जागी रेघ नाही.

आणि मुलांची नावं तर पाहा: गौतमीपुत्र, वासिष्ठीपुत्र. माणूस ओळखायचा तो आईवरून. महाराष्ट्र शासनानं 1 मे 2024 किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या नावात आईचं नाव लावायचं ठरवलं. आधी बाळाचं, मग आईचं, मग वडिलांचं, शेवटी आडनाव. हा निर्णय मला फार मोलाचा वाटतो. नाशिकच्या या डोंगरावरून पाहिलं तर तो नवा नाही, हरवलेलं परत मिळाल्यासारखा आहे.

तिसऱ्या दिवशी सकाळी रामकुंडावर. नाशिकला तीर्थोपाध्यायांकडे जायचं तर तीन गोष्टी सोबत हव्यात: आडनाव, मूळ गाव आणि घरातल्या जितक्या मागच्या आठवतील तितक्या पिढ्यांची नावं. कुठल्या गावाचे, कुठल्या आडनावाचे यजमान कुणाकडे हे तिथे ठरलेलं असतं. दोन ठिकाणी विचारलं आणि तिसऱ्यानं आम्हाला एका जुन्या वाड्याच्या माडीवर पाठवलं.

गुरुजी पन्नाशीचे, नाकावर चष्मा. गावाचं नाव ऐकून त्यांनी भिंतीतल्या फडताळातून लाल खारव्यात बांधलेली लांबट वही काढली. पानं आडवी, कडा तपकिरी झालेल्या. बोट फिरवत ते मोडी वाचत गेले, सहज, जसं आपण वर्तमानपत्र वाचतो. आजोबांची 1961ची नोंद देवनागरीत, खाली त्यांची सही. माझे वडील तेव्हा सोबत होते, त्यांचंही नाव. मग मागे, मागे. “शके 1841,” गुरुजी थांबले. शके 1841 म्हणजे 1919. चुलत्याबरोबर नऊ वर्षांचा मुलगा बापाच्या अस्थी घेऊन आला होता. मुलाच्या सहीच्या जागी अंगठ्याचा ठसा, लहानसा.

“नामावळीत बायकांची नावं असतात का हो?” मी विचारलं.

“असतात म्हणजे काय, असावीच लागतात,” गुरुजी म्हणाले. “तर्पण करताना आई, आजी, पणजी, तिघींची नावं घ्यावी लागतात. आईच्या वडिलांकडच्या तीन पिढ्याही. नाव नसेल तर पाणी कुणाला द्यायचं?”

जमिनीच्या कागदाला तिचं नाव लागलं नाही कारण जमीन मुलाची होती. वहीला लागलं, कारण मुलाला कधीतरी तिलाही पाणी द्यावं लागणार होतं. गुरुजींनी वाचलं. ते एका नदीचं नाव होतं. पुढे तिच्या बापाचं नाव, आणि माहेर. मुरबाडच्या अंगाचं, घाटाखालचं एक गाव.

आत्यानं पदर तोंडाला लावला. मग हळूच गुरुजींना म्हणाली, “परत एकदा वाचा.” त्यांनी परत वाचलं. तिसऱ्यांदाही वाचलं.

माडीवरून उतरून आम्ही नारोशंकराच्या देवळापाशी बसलो. वेशीवरची ती मोठी घंटा पोर्तुगीज आहे, 1721ची. वसई मराठ्यांच्या हाती आल्यावर तिथून आणलेली. तिथून काळाराम मंदिर दहा मिनिटांवर. 2 मार्च 1930 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली तिथे मंदिरप्रवेशाचा सत्याग्रह सुरू झाला, दादासाहेब गायकवाडांनी तो वर्षानुवर्षं चालवला, आणि दारं उघडली नाहीत. हे मी इथे मुद्दाम लिहिते. ज्या गावात माझ्या पणजीचं नाव जपून ठेवलेलं होतं त्याच गावात कित्येकांना देवळाच्या दारातच अडवलं गेलं. अशा घरांच्या पिढ्या या वह्यांत शोधून मिळणार नाहीत. त्यांना महार वतनाचे कागद, पलटणींच्या याद्या, गिरण्यांची हजेरीपत्रकं धुंडाळावी लागतात. त्या कागदांनाही असंच जपलं पाहिजे.

निघण्याआधी गुरुजींनी वही उघडून आमच्यापुढे ठेवली होती. आजची नोंद करायची. नावं आत्यानं सांगितली: तिच्या भावाचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, मग वहिनीचं, मग माझं, माझ्या दोन्ही मुलींचं. गुरुजींनी लेकीबाळींची नावं लिहायला मागे-पुढे पाहिलं नाही. शेवटी सही. मी आईचं नाव मधे घालून पूर्ण सही केली. आत्यानं पेन हातात घेतलं, तिसरीपर्यंत शिकलेल्या हातानं आपलं नाव लिहिलं, आणि विचारलं, “आता थोरल्या आईचं पण इथं परत लिवू का? त्या पानावर मोडीत हाय. पोरींना वाचता यायचं नाही.” गुरुजी म्हणाले, “लिहा, आजी.”

परतताना आलेल्या वाटेनं गेलो नाही. कसारा उतरून, शहापूर, मुरबाड करत टोकावड्याच्या पुढे वैशाखऱ्याला आलो. पुढे माळशेज चढून ओतूरला निघता येतं. ते माहेरचं गाव त्या दिवशी पाहणं झालं नाही, अंधार पडायला आला होता. रस्त्याच्या कडेला गाडी लावली. समोर सह्याद्रीची भिंत, तिच्या माथ्यावर नानाचा अंगठा हा सुळका, आणि त्याच्या कुशीत नाणेघाटाची ती खाच, जिथे आम्ही दोन दिवसांपूर्वी उभ्या होतो.

“वर जायला किती येळ लागतो?” आत्यानं विचारलं. पाण्याचा हंडा घेऊन चाललेल्या एका बाईनं उत्तर दिलं, “रिकाम्या हातानं अडीच तास. डोक्यावर काही असंल तर तीन.”

आत्यानं काचेतून मान बाहेर काढून वर पाहिलं आणि ते नदीचं नाव एकदा मोठ्यानं उच्चारलं.